मदत हवी आहे: माजघराच्या भिंतीला ओल, स्लॅब गेला म्हणायचा की पन्हळ?

पेठेतलं_घर:
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात शुक्रवार पेठेत आमचं जुनं घर आहे. सोपा आणि माजघर कौलारू, मागची बाजू नंतर स्लॅबची केलेली. कौलांचा मागचा पाखा, म्हणजे उतार, स्लॅबच्या भिंतीला येऊन टेकतो, मधे पावसाचं पाणी वाहून न्यायला पत्र्याची पन्हळ.

आर्द्रा लागल्यापासून माजघराच्या त्या भिंतीला वरून दोन-अडीच फूट ओल उतरलीय. रंगाचे पोपडे सुटलेत, कपाटातल्या लुगड्यांना कुबट वास मारतोय. आता तरणा पाऊस सुरू झाला आणि परवा रात्री चक्क धार लागली, विजेच्या बोर्डापासून हातभर अंतरावर. एक वॉटरप्रूफिंगवाला येऊन गेला. खालूनच मान वर करून ‘स्लॅब गेलाय’ म्हणाला आणि साठ हजार सांगून मोकळा झाला.

मामंजी होते तोवर वळीव झाला की शिडी लावून पन्हळ साफ करायचे. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली, तेव्हापासून वर कुणी चढलेलं नाही. आमच्याकडं पाऊस लागला की सगळे मोबाइलवर पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघत बसतात. ३९ फूट इशारा, ४३ धोका. २०१९ च्या महापुरापासून पाणी म्हणजे खालनंच येणार, असं डोक्यात बसलंय.

काल गच्चीवर गेलो, कठड्यावरून वाकलो. पन्हळ दिसेचना! शेजारच्या गुलमोहराचा पाला कुजून काळा चिखल झालाय आणि त्यात वीतभर पिंपळ उभा. आता ऐन पावसात हे काढायचं कसं? आणि ओल याचीच असेल, की स्लॅबचं कामही करावं लागेल?

उद्यमनगरकर:
दादा, साठ हजार आधी खिशात ठेवा.

पुढच्या वळचणीची पन्हळ तुंबली तर पाणी बाहेर अंगणात सांडतं. पायाशी ओल धरते, पण घर कोरडं राहतं. तुमची पन्हळ पाखा आणि भिंत यांच्या कात्रीत आहे. ती भरली की पाण्याला बाहेर जायला वाटच नाही, ते कौलांखाली शिरतं नाहीतर भिंतीत मुरतं. वळचणीचं पाणी आढ्याला जातं म्हणतात, तुमचं भिंतीत गेलंय.

हिशेब करून बघा. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तुमचा पाखा ३० बाय १५ फूट धरला तर साधारण ४२ चौरस मीटर. दिवसात ५० मिलिमीटर पडला की २,१०० लिटर. एवढं सगळं एका पाइपातून खाली जायला पाहिजे आणि त्या पाइपाच्या तोंडावर तुमचा पिंपळ बसलाय.

स्लॅबची शंका असेल तर ओल कुठं आहे ते बघा. स्लॅबच्या खोलीत छताच्या मधोमध डाग असेल तर स्लॅब. पन्हळीच्या रेषेत भिंतीच्या वरच्या कडेपासून खाली येत असेल तर पन्हळ. साफ झाल्यावर उघडीप मिळाली की नळीनं पन्हळीत पाणी सोडा आणि घरातला एक माणूस भिंतीपाशी उभा करा. पंधरा-वीस मिनिटांत कळतंय.

कळंबेकर:
शिडीबद्दल बोलतो, कारण मी पडलोय. शेवाळलेल्या फरशीवर शिडी टेकवू नका, खाली पोतं घाला आणि माणूस धरायला ठेवा. कौलांवर किंवा सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय अजिबात नको. मी पत्र्यावर पाय दिला आणि मांडीपर्यंत आत गेलो, वर्षभर पोरं चेष्टा करत होती. तुम्हाला गच्चीवरनं हात पोचत असेल तर तेच बरं. बोर्डाची मेन बंद करा, वायरमन दाखवून घेतल्याशिवाय चालू करू नका.

पाइप तुंबला असेल तर वरनं सळी कोंबू नका, बोळा एल्बोत, म्हणजे पाइपाच्या वळणात, आणखी घट्ट बसतो. खालच्या तोंडातनं नळी वर सरकवत पाणी सोडा.

पेठेतलं_घर:
दादा नव्हे, ताई. आमच्या पेठेत बायकाही ‘मी गेलो’ म्हणतात, विसरलात काय! वायरमन उद्या येतोय.

उद्यमनगरकर:
चुकलं ताई 🙏

माळावरची:
डासांचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूच्या डासाची अंड्यापासून उडण्यापर्यंतची तयारी आठ-दहा दिवसांत होते. आम्ही दर रविवारी पिंपं पालथी घालून कोरडा दिवस पाळत होतो आणि वर पन्हळीत लांबलचक टाकं भरलेलं! पत्रा मधे झोळला होता, साफ करूनही पाणी राहायचं. पत्रेवाल्याकडून दहा फुटाला इंचभर उतार काढून घेतला.

पेठेतलं_घर:
मंडळी, काल दुपारी दोन तास उघडीप मिळाली. भाचा आणि मी मिळून पाच घमेली चिखल काढला. पाइपाच्या तोंडाशी काय निघावं? टेनिसचा चेंडू. फुटबॉलसाठी वेडं झालेल्या पेठेत आमची पन्हळ क्रिकेटनं तुंबवली. चेंडू निघाला आणि पाइप असा गडगडला की सासूबाई ‘काय पडलं गं?’ म्हणत बाहेर आल्या.

नळी सोडून बघितली. भिंतीवर थेंब नाही, पण एका सांध्यात पत्रा गंजून बोटाएवढं भोक पडलंय, तिथनं ठिबकतंय. ओला चिखल तीन वर्षं बसून होता, दुसरं काय होणार? तात्पुरतं एम-सील लावलंय.

जाळी बसवू का?

उद्यमनगरकर:
सपाट जाळी नको, गुलमोहराची बारीक पानं तिच्यावर चटईसारखी बसतात. पाइपाच्या तोंडावर घुमटासारखी उभी जाळी घाला आणि खाली एल्बोच्या जागी डोअर बेंड बसवा, झाकण उघडलं की हात जातो. तरी वळीव झाल्यावर एकदा, मृगाच्या तोंडावर एकदा आणि मधल्या उघडिपीत एकदा बघावंच लागतं. गंजलेला तुकडा दिवाळीनंतर बदला. रंग आता काढू नका, भिंत आतून वाळायला उन्हाळा लागेल.

पिंपळाचं मूळ सांध्यात राहिलं तर परत फुटतो. सांधा खरवडून मूळ पुरतं काढा, मग सिमेंट भरा.

पेठेतलं_घर:
मूळ निघालं, करंगळीएवढं जाड होतं. पण पिंपळ टाकायचा नाही, असं सासूबाईंचं म्हणणं. सध्या रंगाच्या रिकाम्या बादलीत लावलाय. बादलीला खालून भोक पाडायचं मात्र त्यांनीच आठवणीनं सांगितलं.