पॅकेज बसवण्यापूर्वी धोक्याची सूचना मिळू शकते का?

प्रश्न (परभणी): आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत डेबियन या लिनक्स संगणकप्रणालीची 'टेस्टिंग' (चाचणीतली) आवृत्ती आहे. नवे पॅकेज (बसवण्यासाठी तयार केलेला सॉफ्टवेअरचा गठ्ठा) सदोष असल्यास ते बसवण्यापूर्वीच कळण्याची सोय आहे का?

उत्तर (लातूर): आहे. 'एपीटी-लिस्टबग्ज' बसवा, पॅकेज बसण्याआधी ते डेबियनच्या दोषनोंदी तपासते आणि गंभीर दोष आढळल्यास थांबून तुम्हाला विचारते. (नेट मात्र चालू हवे, हे आपल्याकडे सांगावेच लागते.)

उत्तर (नांदेड): तथापि, कोणीही न नोंदवलेला दोष त्याला दिसत नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली आकुंचित करणाऱ्या साधनाच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांतील चोरदरवाजा (गुपचूप शिरकावासाठी मुद्दाम ठेवलेली वाट) उघडकीस आला, तोपर्यंत त्या टेस्टिंगमध्ये पोहोचल्या होत्या. स्टेबल (डेबियनची स्थिर आवृत्ती) मात्र सुरक्षित राहिले. प्रयोगशाळेत टेस्टिंग कशासाठी, सर?

प्रश्नकर्ता: नव्या वाय-फाय कार्डांसाठी. आता बाकीचे संगणक स्टेबलवर नेतो.