सिंगापूर की मॉरिशस : बाहेर जाणारी गुंतवणूक खरी कुणाची?

उद्यमबाग
भारतात येणाऱ्या थेट परकी गुंतवणुकीच्या यादीत सिंगापूर आणि मॉरिशस ही दोन नावं बहुतेक वर्षी वर असतात. दोन्ही छोटी बेटं. माझं मत सरळ आहे : सिंगापूरची गुंतवणूक खरी, मॉरिशसची कागदी. १९८२ च्या भारत-मॉरिशस करकरारामुळे मॉरिशसच्या कंपनीने इथले शेअर विकले तर भांडवली नफ्यावर भारतात कर नव्हता, तिकडेही नव्हता. मे २०१६ मध्ये करार बदलला आणि १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या शेअरवर इथे कर लागला. २०१७-१८ मध्ये मॉरिशसहून १५.९ अब्ज डॉलर आले होते, पुढच्या वर्षी ८.१. सिंगापूर तेवढ्यात १२.२ वरून १६.२ वर. सवलत गेली की पळणारा पैसा त्या देशाचा कसा?

मार्कंडेय काठ
अर्धंच सांगालात ओ. सिंगापूरलाही तीच सवलत होती. २००५ मध्ये ती मॉरिशसच्या सवलतीला जोडून दिली आणि ३० डिसेंबर २०१६ च्या दुरुस्तीने त्याच तारखेपासून काढली. मग सिंगापूर चढला कसा? फ्लिपकार्ट बघा. धंदा सगळा भारतात, २०१८ पासून मालक अमेरिकेतला वॉलमार्ट, पण मूळ कंपनी कैक वर्षं नोंदलेली होती सिंगापुरात. तिने इथल्या कंपन्यांत घातलेला रुपयान् रुपया यादीत सिंगापूरचा. ही वाट कागदी नाही का?

उगारकर
लांब कशाला जाता, उसाच्या पट्ट्यातलंच घ्या. बेळगावच्या श्री रेणुका शुगर्सने २०१० मध्ये ब्राझीलमध्ये एक साखर कंपनी पूर्ण आणि दुसरीचा बहुसंख्य हिस्सा घेतला. मध्ये मॉरिशसची उपकंपनी : श्री रेणुका ग्लोबल व्हेंचर्स. म्हणजे लगतच्या देशाच्या हिशेबाने (पैसा शेवटी कुठे पोचला ते न बघता थेट पुढचा देश धरायचा) तोच पैसा दोनदा दिसणार. भारत ते मॉरिशस एकदा, मॉरिशस ते ब्राझील एकदा. त्यासाठी मॉरिशसमध्ये उसाचं एक कांडंही लागलं नाही. पुढे साखरेचे भाव पडले, डॉलरचं कर्ज अंगावर असताना ब्राझीलचा रिआल घसरला आणि २०१५ मध्ये तिथल्या कंपन्या कोर्टाच्या देखरेखीखाली पुनर्रचनेत गेल्या. खड्डा पडला तो बेळगावच्या ताळेबंदात.

उद्यमबाग
म्हणजे माझंच म्हणणं सिद्ध झालं की! आणि त्याच रेणुकात सिंगापूरची विल्मर २०१४ ला शिरली, २०१८ ला बहुसंख्य मालक झाली. तिचं मुख्यालय सिंगापुरात, शेअर सिंगापूरच्या बाजारात, साखरेतली माणसं तिची स्वतःची. मॉरिशसची अशी एक कंपनी दाखवा.

उगारकर
दाखवतो. युरोपने २००६ पासून साखरेचा हमीभाव ३६ टक्के उतरवला तेव्हा मॉरिशसच्या गिरण्या एकमेकींत विलीन झाल्या आणि त्यांचे गट आफ्रिकेत पसरले. टांझानियात किलिमांजारोच्या पायथ्याचा टीपीसी कारखाना तर त्याआधीपासून मॉरिशसवाल्यांच्या ताब्यात. कपड्यांत सिएल गटाचे कारखाने मादागास्करमध्ये आहेत, आपल्या बेंगळुरातही आहेत. हा पैसा मॉरिशसच्या घरचा आणि निर्णयही तिथलाच. उलट तुमच्या विल्मरमध्ये अमेरिकेच्या एडीएम या शेतमाल कंपनीचा वाटा वीस टक्क्यांच्या वर आहे. तो कुठल्या देशाच्या खात्यात धरणार?

टिळकवाडी सीए
दोघेही वेगळ्या मापाने मोजताय, म्हणून भांडण मिटत नाही. उद्यमबागकर, तुमचा आकडा डीपीआयआयटीचा, म्हणजे केंद्राच्या उद्योग खात्याचा. त्यात देशवार फक्त नवी इक्विटी, म्हणजे भागभांडवल, धरतात. आणि लोक २००० पासूनची बेरीज 'मॉरिशसची एकूण गुंतवणूक' म्हणून सर्रास छापतात, पण शेअर विकून परत नेलेला पैसा त्यातून वजाच होत नाही. ती बेरीज म्हणजे साठा, आज शिल्लक असलेली गुंतवणूक, नव्हे. साठा हवा तर रिझर्व्ह बँकेची एफएलए (परदेशी देणी-येणी) पाहणी घ्या, किंवा नाणेनिधीची थेट गुंतवणूक पाहणी. पण नाणेनिधी लगतचा देश धरतो, म्हणून मॉरिशसचा बाहेरचा साठा त्याच्या जीडीपीच्या कित्येक पट दिसतो. बँक ऑफ मॉरिशसच्या ओघाच्या, म्हणजे वर्षाकाठी आत-बाहेर जाणाऱ्या पैशाच्या, आकड्यांत ग्लोबल बिझनेस कंपन्या (तिथे नोंदलेल्या, पण धंदा बाहेर करणाऱ्या) नसतात. उगारकरांची साखर आणि कपडा तिथे सापडेल, आणि आकडा एकदम बारीक होईल.
सिंगापूरची अडचण अशी की त्यांच्या परदेशी गुंतवणुकीत सर्वांत मोठा वाटा वित्त आणि विमा क्षेत्राचा, म्हणजे त्यात नुसते दुसऱ्या कंपन्यांचे शेअर धरणाऱ्या होल्डिंग कंपन्या भरपूर. मॉरिशसमधून तेवढं गाळायचं आणि सिंगापूरमध्ये ठेवायचं, हा काटा मारणं झालं. गाळायचं तर दोन्हीकडचं गाळा, मगच जीडीपीने भागा. नुसते डॉलर शेजारी मांडून काय कळणार? सिंगापूरची अर्थव्यवस्थाच मॉरिशसच्या तीस पटींहून मोठी.

निपाणीकर
हे सगळं ठीक. आमच्या ओळखीच्या फाउंड्रीला बाहेर विक्री कंपनी काढायची आहे. कुठे काढावी?

मार्कंडेय काठ
मॉरिशस. तिथे कर १५ टक्के, पण परदेशी लाभांशाच्या ८० टक्के रकमेला सूट, म्हणजे प्रत्यक्ष कर पडतो ३ टक्के. सिंगापुरात १७.

टिळकवाडी सीए
ती सूट लाभांशाची. कास्टिंग विकून मिळालेल्या नफ्याला सरसकट लागत नाही, विक्री कंपनीला तिचा काय उपयोग? शिवाय ग्लोबल बिझनेस परवान्याला दोन स्थानिक संचालक, तिथलं मुख्य बँक खातं आणि कारभार बघायला तिथली मॅनेजमेंट कंपनी लागते. सिंगापुरात एक स्थानिक संचालक, सहा महिन्यांत कंपनी सेक्रेटरी. गिऱ्हाईक पूर्व आशियातलं असेल तर सिंगापूर. आफ्रिकेतलं असेल तर मॉरिशसचा विचार करा.
कुठेही गेलात तरी पैसे पाठवण्याआधी एडी बँकेत (परकी चलनाच्या व्यवहारांचा परवाना असलेली बँक) फॉर्म एफसी भरून यूआयएन, म्हणजे त्या गुंतवणुकीचा ओळख क्रमांक, घ्या. ऑगस्ट २०२२ च्या नियमांप्रमाणे बाहेर गुंतवायची मर्यादा इथल्या कंपनीच्या शेवटच्या ऑडिटेड ताळेबंदातल्या नेटवर्थच्या (मालमत्ता वजा देणी) ४०० टक्के. शेअर सर्टिफिकेट सहा महिन्यांत बँकेत द्या. एफएलएचं विवरणपत्र १५ जुलैपर्यंत, एपीआर (परदेशी कंपनीचा वार्षिक कामगिरी अहवाल) ३१ डिसेंबरपर्यंत. लोक अडकतात ते एपीआरमध्ये : परदेशी कंपनीचं ऑडिट लांबतं, तारीख जाते, आणि विलंब शुल्क भरून ते नियमित होईपर्यंत पुढचा डॉलर पाठवता येत नाही. आणि वर्षाची उलाढाल ५० कोटींच्या वर गेली, पण सगळे निर्णय बेळगावातूनच घेतलेत, तर ती कंपनी इथली निवासी ठरवून तिच्यावर भारतात कर लावतील.