मदत हवी आहे: पीएसपी असलेल्या बाबांना भरती करून रिहॅब, मुंबईत कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी. आम्ही लालबागला चाळीत राहतो, तिसरा मजला, लिफ्ट नाही. बाबांना आधी पार्किन्सन्स समजून त्याची सिंडोपा ही गोळी सुरू केली होती, तिचा फारसा गुण आला नाही. पडणं मात्र पहिल्यापासून, तेही ओंडक्यासारखं मागच्या मागे. आता न्यूरोलॉजिस्टनी पीएसपी, म्हणजे प्रोग्रेसिव्ह सुप्रान्यूक्लिअर पाल्सी, असं निदान केलंय. पार्किन्सन्सच्या गटातलाच आजार, पण जास्त वेगाने वाढणारा, आणि तो थांबवणारं औषध अजून नाही. म्हणजे सगळी भिस्त व्यायामावर, गिळण्या-बोलण्याच्या थेरपीवर आणि पडू न देण्यावर.

त्यांची नजर खाली वळत नाही. ताटातलं काय ते दिसतच नाही, म्हणून आई उपड्या डब्यावर ताट ठेवते, मग नीट जेवतात. अशा माणसाला एका खासगी रुग्णालयात "काका, खाली बघून पाऊल टाका" असं शिकवत होते! वर उचलून पुढे ठेवायचा वॉकर दिला. तो उचलला रे उचलला की तोल मागे जातो. पुढे चाकं असलेला, जड वॉकर हवा, हे नंतर न्यूरोलॉजिस्टकडून कळलं. म्हणूनच हा आजार ओळखणारी माणसं शोधतोय.

रोज ओपीडीत न्यायचं तर खुर्चीत बसवून दोघांनी जिना उतरवायचा. पोचेपर्यंतच बाबा थकतात. त्यापेक्षा दोन-तीन आठवडे भरती करून एकाच छताखाली फिजिओ, स्पीच, ऑक्युपेशनल (रोजची कामं जमवायला शिकवणारी) थेरपी व्हावी असं वाटतं. जर्मनीत पार्किन्सन्स आणि तत्सम आजारांसाठी अशी भरतीची पद्धतच आहे, आठवड्याला किमान ७.५ तास थेरपी. शिवाय आईला त्यांना उठवायचं कसं, कुशीवर वळवायचं कसं, हे तिथेच शिकता येईल. पाणी पिताना ठसका लागतो, त्याची तपासणीही राहिलीये.

हाजी अलीच्या केंद्र सरकारी पुनर्वसन संस्थेत (एआयआयपीएमआर) पीएसपीच्या पेशंटला कुणी भरती केलंय का? बेडसाठी किती थांबावं लागतं, रात्री नातेवाइकाला राहू देतात का? मुंबईतच २००१ साली सुरू झालेल्या पीडीएमडीएस या पार्किन्सन्सच्या पेशंटसाठीच्या संस्थेचे सपोर्ट ग्रुप चांगले आहेत असं ऐकतो. तिथल्या कुणी भरतीचं ठिकाण सुचवलं असेल तर तेही सांगा. ठाणे, नवी मुंबईही चालेल.

दुसरं, मेडिक्लेम. पॉलिसीत 'रेस्ट क्युअर, रिहॅबिलिटेशन' वगळलंय. पण त्या कलमात उपचाराविना निव्वळ सक्तीच्या विश्रांतीसाठी केलेल्या भरतीबद्दल लिहिलंय. न्यूरोलॉजिस्टचं पत्र जोडून रोजच्या थेरपीचा क्लेम कुणाचा पास झालाय का? पत्रात नेमकं काय लिहून घ्यावं?

"आजार वाढणाराच, भरती करून काय होणार" असं नातेवाईक म्हणतात. बाबांना अजून स्वतःच्या पायांनी संडासापर्यंत जायचं असतं, गॅलरीच्या टोकाला. तेवढं जितके महिने टिकेल तितकं टिकवायचंय. कुणाच्या घरी अशा भरतीनंतर फरक पडला असेल, किंवा पडला नसेल, तर मोकळेपणाने लिहा.