मदत हवी आहे: जेवताना गुरगुरणारी भुरी आणि घरात पाच वर्षांची लेक

नमस्कार मंडळी,

भुरी ही आमची देशी कुत्री. सोसायटीच्या पार्किंगमध्येच वाढली, या पावसाळ्यात तिला कायमची घरात आणली. डॉक्टरांच्या अंदाजाने वय दोनेक वर्षं. नसबंदी झालीये, रेबीजची लसही दिलीये. एरवी फार गुणी आहे, लेकीच्या पायाशी झोपते. अडचण आहे ती फक्त जेवणाच्या वेळी.

भांडं खाली ठेवलं आणि कुणी त्या बाजूने गेलं, की आधी तिचा खाण्याचा वेग वाढतो. मग हनुवटी भांड्यावर येते, अंग ताठ होतं, शेपटी थांबते. मान न वळवता नुसते डोळे आपल्याकडे फिरवते, त्यांचा पांढरा भाग दिसायला लागतो. त्याउपर कुणी पुढे सरकलं तर गुरगुर. अजून कुणाला चावलेली नाही.

एका ट्रेनरना घरी बोलावलं होतं. ते म्हणाले, "ही स्वतःला घरातली अल्फा, म्हणजे कळपाची म्होरकी, समजते. गुरगुरली की मानेला धरून उताणी पाडा, भांडं काढून घ्या आणि काटेरी पट्टा आणा." मी तिथल्या तिथे नकार दिला. सासऱ्यांना मात्र त्यांचं पटलं. "धाक नसेल तर एक दिवस चावेल," असं बाबा म्हणतात. नातीच्या काळजीपोटीच बोलतात, ते मला समजतं.

पण माझं मत पक्कं आहे. गुरगुर म्हणजे "लांब राहा" ही तिची सूचना. मार देऊन ती बंद केली तर आतली भीती तशीच राहते, जाते ती फक्त सूचना. मग कुत्रं न गुरगुरता थेट चावतं. घरात लहान मूल असताना ती सूचना मला हवीच आहे.

जवळ येणाऱ्या माणसाची भीती मोडायला नेमकं काय करायचं, लेकीला यात घ्यायचं का, आणि बाबांना हे कसं पटवायचं? ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद १

आधी डॉक्टरांकडून दात, कान आणि सांधे तपासून घ्या. दुखत असेल तर कुत्री अन्नाजवळ जास्तच चिडचिडी होतात.

लेकीला यात अजिबात घेऊ नका. भुरीचं जेवण वेगळ्या खोलीत, दार लावून. हा नियम आजपासूनच, बाकीचं सावकाश.

आता सराव. भांड्यात रोजचं साधं जेवण ठेवा. तुमच्या हातात उकडलेल्या चिकनचे करंगळीच्या नखाएवढे तुकडे. (रश्शातलं चिकन नको, कांदा कुत्र्यांना बाधतो.) ती निवांत खात राहील इतक्या लांबून जा, भांड्याच्या दिशेने एक तुकडा टाका आणि लगेच मागे फिरा. थांबायचं नाही, हात लावायचा नाही, बोलायचंही नाही. क्रम महत्त्वाचा आहे: आधी माणूस दिसला पाहिजे, मग चिकन पडलं पाहिजे. उलट झालं तर तिच्या मनात माणसाचा आणि चिकनचा संबंध जुळत नाही.

काही दिवसांनी तुम्ही दिसताच ती भांड्यातून तोंड वर काढून, अंग सैल सोडून तुमच्याकडे बघायला लागेल. ते दिसलं तरच एक पाऊल जवळ जा. वेग वाढला किंवा हनुवटी भांड्यावर आली, तर तुम्ही फार जवळ गेलात असं समजा आणि पुढच्या वेळी मागून सुरू करा. गुरगुरीपर्यंत प्रकरण जाऊच द्यायचं नाही. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने हे लांबूनच सुरू करायचं, कारण तुमच्यावर बसलेला विश्वास आपोआप बाबांना लागू होत नाही.

"सवय व्हावी" म्हणून खाताना भांड्यात हात घालणारे बरेच जण आहेत. कृपा करून ते करू नका. कुणी दर घासाला आपल्या ताटात हात घातला तर आपणही ताट ओढूनच घेऊ. हाड किंवा चप्पल तोंडात असेल तर चिकन दूर फेका, ती तिकडे गेली की वस्तू उचला. आणि धोक्याची नसेल तर परतही द्या.

प्रतिसाद २

बाबांसाठी थोडी माहिती. अल्फाची कल्पना बरीचशी रुडॉल्फ शेंकेल यांच्या १९४७ च्या लांडग्यांवरच्या अभ्यासातून आली. ते लांडगे प्राणिसंग्रहालयात एकत्र कोंडलेले होते. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनी ही कल्पना १९७० मध्ये आपल्या पुस्तकातून लोकांपर्यंत नेली. पुढे त्यांनीच जंगलातले कळप पाहून १९९९ मध्ये लिहिलं, की कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं, सत्तेसाठी भांडणारी टोळी नव्हे. आणि भुरी तर लांडगाही नाही. रस्त्यावर वाढलेल्या कुत्रीच्या तोंडचा घास खरोखरच हिसकावला गेलेला असू शकतो. तो जपणं म्हणजे घरावर राज्य करणं नव्हे.

माझा अनुभव असा, की वाद घालण्यापेक्षा बाबांच्याच हाती चिकनची वाटी द्या. आपल्याला बघून कुत्र्याची शेपटी सैल हलायला लागली की माणसाचं मत बदलतं.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. डॉक्टरांची वेळ घेतली आहे, दाराचा नियम आजपासून सुरू. एक शंका: घरात कोणी बाहेरचं जेवायला आलं तर?

प्रतिसाद १

तोपर्यंत तिला आतल्या खोलीत तिचं जेवण द्या आणि दार लावा. दार उघडायची जबाबदारी मोठ्या माणसांपैकी एकावरच ठेवा. पाहुण्यांसमोर सराव करून दाखवायचा नाही. आणि ट्रेनर पुन्हा शोधाल तेव्हा आधी विचारा, "कुत्र्याचं चुकलं तर तुम्ही काय करता?" उत्तरात काटेरी पट्टा, शॉक किंवा पट्ट्याला झटका असं काही आलं तर पुढे जाऊ नका.