मदत हवी आहे: सेल्फ मारताना इंजिन पकडतं, चावी सोडली की बंद

डेट्रॉइटकर:
बॅटरी नवी, प्लग नवे, पेट्रोल येतंय. सेल्फ मारला की लगेच पकडतं, चावी सोडली की त्याच क्षणी खलास. मेकॅनिक म्हणाला कॉईल (प्लगच्या ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) बदला. बदलली, तरी तेच. शनिवारी गाडी लागणार आहे, लवकर सांगा.

वाटसरू:
गाडी कुठली, साल कुठलं? आम्ही अंतर्यामी नाही हो.

डेट्रॉइटकर:
प्लिमथ व्हॅलियंट, 1968. पॉइंटवाली, म्हणजे कॉईलचा करंट जोडणारे-तोडणारे जुने यांत्रिक संपर्क असलेली.

कार्ब्युरेटर_काका:
जेट साफ करा. आमच्या ॲम्बेसेडरचं निम्मं दुखणं तिथंच असायचं.

ठिणगी:
काका, पेट्रोलचा दोष असता तर भुकभुक करत बंद पडली असती. चावी सोडताच मरते म्हणजे बॅलास्ट रेझिस्टर, कॉईलचा करंट आवरणारा. जुन्या क्रायस्लरवाल्यांचा (प्लिमथ त्यांचीच) ठरलेला रोग, जाणकार एक जादा गाडीतच ठेवतात. सेल्फ फिरताना बॅटरी 12 वरून 10 व्होल्टच्या आसपास उतरते, म्हणून तेवढ्यापुरता करंट रेझिस्टर टाळून थेट कॉईलला जातो. चावी मागे आली की रेझिस्टरमधून. तो तुटला की ठिणगी संपली. फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर, पांढरी चिनी मातीची पट्टी असेल. वायरी काढून तिच्या दोन टोकांना मीटर लावा.

जुगाडू_पुणे:
मीटर कशाला? दोन्ही टोकं वायरने जोडा, विषय संपला. माझी जीप वर्षानुवर्षं डायरेक्टच चालली.

ठिणगी:
तुमच्या जीपची कॉईल 3 ओहमची असणार. दीड ओहमवाल्या कॉईलला चालत्या इंजिनाचे 14 व्होल्ट दिले तर पॉइंट मिटलेले असताना करंट 9 अँपिअरपर्यंत जातो. तपासायला मिनिटभर जोडा, रस्त्यावर नको.

जुगाडू_पुणे:
पॉइंट जळले तर घासायचे. त्यात काय एवढं?

ठिणगी:
आणि कॉईल उकळली की तीपण घासायची का?

काळीपिवळी:
जुन्या गाड्यांचा विषय निघालाच आहे तर, 2023 मध्ये मुंबईतून पद्मिनी टॅक्सी गेली तेव्हा फार वाईट वाटलं होतं.

डेट्रॉइटकर:
टॅक्सीचा धागा वेगळा काढा ना! पट्टी सापडली. मागची तार तुटून लोंबतेय, मीटर 'ओएल' दाखवतंय, म्हणजे सर्किट तुटलंय. वायर जोडल्यावर चालू राहते!! दुकानात अर्ध्या ओहमचा रेझिस्टर मिळतोय, घेऊ?

ठिणगी:
नवी कॉईल बाहेरचा रेझिस्टर लागणारी आहे की बिनरेझिस्टरची? प्लस-मायनसमधले ओहम मोजून सांगा, मग बोलू.

कार्ब्युरेटर_काका:
ॲव्हरेज किती देते पण?