पॅनल गप्प बसला आणि पंप कोरडा फिरला, चूक कुठं झाली?

रात्रपाळी:
मंडळी, जरा मदत हवीय. आमच्याकडे पाण्याचे दोन पंप, कॉम्प्रेसर, डीजी (डिझेल जनरेटर) आणि एक छोटी सर्व्हर रूम आहे, सगळ्यांना मिळून १६ पॉइंटचा (म्हणजे १६ सिग्नल घेणारा) अलार्म पॅनल लावलाय. परवा रात्री टाकी रिकामी झाली, पंप तसाच कोरडा चालत राहिला आणि मेकॅनिकल सील जळालं. लो लेव्हलचा पॉइंट पॅनलला आहे पण हूटर (भोंगा) वाजलाच नाही, सकाळी बघितलं तर फ्लोट स्विचची (पाण्याच्या पातळीप्रमाणे चालू-बंद होणारा स्विच) वायर ग्लँडपाशी, म्हणजे वायर आत शिरते तिथं, तुटलेली. करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा ओव्हरलोड रिलेही ट्रिप झाला नाही. उलट सर्व्हर रूमचा टेंपरेचर अलार्म दिवसभर इतका कोकलतो की पोरं हूटरचा स्विचच बंद करून ठेवतात. आता पॅनल बदलायचा की सेन्सर वाढवायचे?

टर्मिनल२४:
पॅनल बदलू नका, आधी वायरिंग बघा. तुमचा फ्लोट नॉर्मली ओपन (एनओ) पद्धतीनं जोडलेला दिसतोय, म्हणजे कॉन्टॅक्ट जुळला तरच अलार्म, मग वायर तुटली की पॅनलला वाटतं सगळं ठीक आहे. उलटं, म्हणजे नॉर्मली क्लोज्ड (एनसी) करा. पाणी असताना कॉन्टॅक्ट जुळलेला राहिला पाहिजे, पाणी संपलं किंवा वायर तुटली की सर्किट उघडतं आणि हूटर वाजतो. बऱ्याच पॅनलमध्ये प्रत्येक पॉइंटला एनओ/एनसीची सेटिंग किंवा जंपर असतो, तोही त्याप्रमाणे बदला. ४ ते २० मिलीअँपचे ट्रान्समीटर (रीडिंग करंटच्या रूपात पाठवणारे सेन्सर) असतील तर तिथं शून्य रीडिंगलाच ४ मिलीअँप येतात, म्हणून ३.६ च्या खाली गेलं की वायर फॉल्ट दाखवेल असं सेट करा.

ओव्हरलोड का नाही पडला, तर पंप कोरडा फिरला की मोटरवरचा लोड कमी होतो, करंट वाढत नाही उलट घटतो. तिथं करंट ठरल्यापेक्षा कमी झाला की पंप बंद करणारा अंडरकरंट रिले लागतो. आणि पंप बंद करायचं काम अलार्म पॅनलवर टाकू नका, पॅनल फक्त माणसाला हाक मारतो आणि रात्री तीनला ती हाक ऐकायला कोणी जागेवर असेलच असं नाही. ट्रिपसाठी, म्हणजे पंप आपोआप बंद करायला, वेगळा फ्लोट घ्या, तो सरळ स्टार्टरच्या कंट्रोल सर्किटमध्ये.

जुना_फिटर:
हूटर बंद ठेवतात ही मला तुटलेल्या वायरीपेक्षा मोठी गोष्ट वाटते, कारण त्या रात्री वायर धड असती तरी काही ऐकू आलंच नसतं. पोरांना रागावून उपयोग नाही, सेटिंग सुधारा. सर्व्हर रूमचा सेट पॉइंट (जिथं अलार्म वाजतो तो आकडा) २७ अंश असेल आणि रूम २६.९ ते २७.१ मध्ये हलत असेल तर तो वाजतच राहणार. ३० ला चालू आणि २८ ला बंद असा फरक ठेवा, वर दोनतीन मिनिटांचा डिले द्या. डीजीच्या ऑइल प्रेशरला मात्र एवढा डिले चालणार नाही, इंजिन खलास होईल. तिथं काही सेकंदच, आणि इंजिन बंद असताना प्रेशर नसतंच म्हणून तो पॉइंट इंजिन चालू असल्याच्या सिग्नलबरोबर जोडा. जो अलार्म आल्यावर कोणाला काही करायचंच नसतं तो हूटरवर नको, नुसता नोंदीत जाऊ दे.

बॅटरीबॅकअप:
पॅनलला सप्लाय कुठून आहे ते बघा! पंपाच्याच फीडरवरून (वीजलाइनवरून) असेल तर लाइट गेली की पॅनलही गेला. २४ व्होल्ट डीसी बॅटरीवर घ्या आणि सप्लाय गेल्याचा अलार्म वेगळ्या बॅटरीवरच्या हूटरला द्या. अजून एक, टेस्ट बटण दाबलं की फक्त दिवे आणि हूटर तपासले जातात, फील्डची वायर नाही. महिन्यातून एकदा फ्लोट हातानं खाली करा, आणि वायर काढून बघा.

रात्रपाळी:
सगळ्यांचे मनापासून आभार. आज त्या त्या मशीनचा ट्रिप बायपास करून एकेक पॉइंटची वायर काढून बघितली, १६ पैकी ९ पॉइंटना पॅनलनं काहीच सांगितलं नाही. त्यात कॉम्प्रेसरचा हाय टेंपरेचरही होता, तेव्हा पोटात गोळाच आला. तो आणि दोन्ही पंपांचे आजच बदलले, वायर काढली की आता लगेच वाजतात. सर्व्हर रूमला ३०/२८ आणि तीन मिनिटं डिले दिलाय, संध्याकाळपासून शांत आहे म्हणून हूटरचा स्विच काढून तिथं नुसतं अ‍ॅक्नॉलेजचं बटण ठेवलंय, आवाज थांबतो पण दिवा जळत राहतो. अंडरकरंट रिलेसाठी पंपाचा नॉर्मल लोडचा आणि व्हॉल्व्ह बंद असतानाचा करंट उद्या मोजतो, टर्मिनल२४ दादा, आकडे इथंच टाकतो, सेटिंग किती ठेवायची ते बघून सांगा.