'दोन मिनिटांचं काम' म्हणे!

सौ. खटपटे
परवा इथे एकाने विचारलं होतं: लॅपटॉप मेला, आतली डिस्क काढून यूएसबी केसिंगमध्ये घातली, मिंट या लिनक्सच्या लाइव्ह (इन्स्टॉल न करता थेट चालणाऱ्या) पेनड्राइव्हवरून बघतोय, डिस्क दिसते पण माउंट होत नाही, म्हणजे उघडत नाही. त्यावर 'कर्जत लोकल' यांचं उत्तर: "एनटीएफएसफिक्स मारा, दोन मिनिटांचं काम." आणि खाली अंगठ्यांची रांग!

अहो, एनटीएफएसफिक्स ही विंडोजच्या डिस्कसाठीची लिनक्स कमांड. नावात फिक्स आहे म्हणून ते डिस्क दुरुस्त करत नाही. विंडोजच्या डिस्क तपासणाऱ्या चेकडिस्कची जागा ते घेत नाही, हे त्याच्या मॅन पेजवरच (कमांडच्या माहितीपानावरच) लिहिलंय. ते किरकोळ डागडुजी करतं, जर्नल (डिस्कवरच्या बदलांची नोंदवही) पुसतं आणि पुढच्या वेळी विंडोज सुरू झालं की तपासणी कर अशी चिठ्ठी ठेवतं. इथे विंडोज सुरू होणार कुठे? लॅपटॉप भंगारात गेलाय!

मूळ भानगड बहुतेक वेळा फास्ट स्टार्टअपची असते. विंडोज ८ पासून 'शट डाउन' म्हणजे अर्धी झोप. गंमत म्हणजे 'रिस्टार्ट' केलं तर ते नीट बंद होतं. अशा झोपलेल्या डिस्कवर लिहायला लिनक्स नकार देतं, आणि ते बरोबरच आहे. फोटोच काढायचेत ना? मग रीड-ओन्ली, म्हणजे फक्त वाचण्यापुरती, माउंट करा, कॉपी करा, विषय संपला.

कर्जत लोकल
ताई, बारा वर्षं दुकान चालवतोय. गिऱ्हाईक समोर उभं असतं, त्याला प्रवचन देऊ? शेकडो डिस्कवर मारलंय, एकही गेली नाही.

सौ. खटपटे
गेलेल्यांची गिऱ्हाइकं परत तुमच्याकडे येतील कशाला? माझ्या दिराची डिस्क टिकटिक करत होती. एका महाभागाने तीन वेळा असंच काहीबाही मारलं. चौथ्यांदा एलएसबीएलकेमध्ये (जोडलेल्या डिस्कची यादी देणारी कमांड) डिस्क दिसलीच नाही. लग्नाचे सगळे फोटो गेले.

कर्जत लोकल
टिकटिक करणारी डिस्क मरणारच होती. खापर कमांडवर का?

पाटावरचा उंदीर
दोघंही थांबा. आधी डीमेसेज (लिनक्सच्या आतल्या संदेशांची नोंद) बघायला कुणी सांगितलं का? निम्म्या वेळा केबल नाहीतर केसिंग हलकं असतं. जुन्या पोर्टला जेमतेम ५०० मिलिअँपियर मिळतात, डिस्क फिरणार कशी?

निवृत्त टंकलेखक
माझं दुखणं वेगळंच आहे. माझी डिस्क उघडली, अगदी सहज. पण १९९८ पासूनची पत्रं, अर्ज, मंडळाचे अहवाल उघडले तर सगळा इंग्रजी अक्षरांचा भुगा! यावर कोणी बोलत नाही.

पाटावरचा उंदीर
काका, ते जुने बिगर-युनिकोड फॉन्ट, इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार दाखवणारे. फॉन्टची फाइल टाकलीत तर वाचता येईल, पण लाइव्ह पेनड्राइव्हवर पर्सिस्टन्स (केलेले बदल साठवायची सोय) नसेल तर रिस्टार्टनंतर पुन्हा तेच. खरं म्हणजे तेव्हाच युनिकोडमध्ये टंकायला हवं होतं.

निवृत्त टंकलेखक
तेव्हाच? आमच्या ऑफिसात विंडोज ९५ होतं. विंडोजमध्ये देवनागरी युनिकोडची सोय आली २००० सालच्या आवृत्तीत. १९९८ मध्ये कशावर टंकायचं होतं, पाटीवर?

पाटावरचा उंदीर
बरं, चुकलो. पण २००० नंतर वीस वर्षं तेच फॉन्ट का वापरलेत?

निवृत्त टंकलेखक
कारण छापखान्याला तेच लागायचे! युनिकोडची फाइल दिली की जोडाक्षरं तुटून यायची, आणि शिव्या मला पडायच्या. तुम्हा पोरांना वाटतं आम्हाला हौस होती.

पाटावरचा उंदीर
कन्व्हर्टर आहेत की.

निवृत्त टंकलेखक
आहेत. 'र्‍या' आणि 'ष्ट्र' यांची वाट लावतात. हजार पानं डोळ्यांनी तपासायला येताय का?

सौ. खटपटे
माझा धागा डिस्कबद्दल होता हो!

कर्जत लोकल
असू द्या, हे जास्त रंगलंय. आणि ठीक आहे, मेलेल्या लॅपटॉपची डिस्क असेल तर आधी रीड-ओन्ली. मानलं. पण बिटलॉकर, विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप, निघालं तर तुमचं रीड-ओन्ली घेऊन काय आरती करायची? ४८ आकडी रिकव्हरी की लोकांना ठाऊकही नसते.

सौ. खटपटे
ते कुलूप आहे, त्याला किल्लीच लागणार. कुलपावर तरी फिक्स मारू नका म्हणजे झालं.

मूळ प्रश्नकर्ता
रीड-ओन्लीने उघडली! फोटो सगळे निघाले, आभारी आहे. पण लग्नाचा व्हिडिओ दुसऱ्या पेनड्राइव्हवर जात नाहीये. जागा आहे, तरी 'फाइल फार मोठी' म्हणतोय.

कर्जत लोकल
पेनड्राइव्ह एफएटी-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असणार, ४ जीबीच्या पुढे एक फाइल घेत नाही. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा. दोन मिनिटांचं काम.

सौ. खटपटे
थांबा!! फॉरमॅट म्हणजे सगळं पुसणं. आत्ता कॉपी केलेले फोटो त्याच पेनड्राइव्हवर आहेत का?